मुक्त ज्ञानकोशातील वाद व त्यांचे निवाडे

इ. स. १९०१ च्या खानेसुमारीत आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानातील जातींची मांडणी सामाजिक प्रतिष्ठेच्या अनुक्रमाने करण्याचे ठरविले आणि देशभरच्या ज्ञातिसंस्थांत एकच खळबळ उडाली. आपले स्थान वरचे असावे, निदान नाव तरी आपल्या पसंतीचे पडावे, म्हणून अर्जांचा पाऊस पडू लागला. १९११ च्या खानेसुमारीत एकट्या बंगाल्यात आलेल्या अर्जांचे वजन दीड मण भरले, अशी नोंद तेथील अधिकाऱ्याने आपल्या अहवालात करून ठेविली आहे. त्या अर्जांचा निकाल लावणारा मनुष्य एक होता व तो सरकारी अधिकारी होता. आज तोच वाद निराळ्या आखाड्यात चालू आहे आणि तेथे असा अधिकारी कोणीच नाही. आपल्या घरातील तरुण मंडळी ज्याचा हवाला नित्य देतात, त्या विकिपीडिया नामक ज्ञानकोशाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. आपल्या ज्ञातीविषयी जगास जे कळते, त्यातील बराच भाग आता तेथूनच कळतो.

ज्ञानकोश म्हटला की मराठी वाचकांस डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे स्मरण होणारच. त्यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड झाले. मदतनीस पुष्कळ होते, परंतु अखेरचा शब्द संपादकाचा होता. विकिपीडियाने हा शब्दच काढून टाकला. जिमी वेल्स व लॅरी सँगर या अमेरिकन गृहस्थांनी १५ जानेवारी २००१ रोजी तो सुरू केला. त्याआधीचा त्यांचा न्यूपीडिया हा कोश तज्ज्ञांकरवी सात टप्प्यांत तपासला जाई, आणि त्यामुळे तो पुढे सरकेचना. नव्या कोशात लेख कोणीही लिहावा व कोणीही दुरुस्त करावा, अशी मुभा ठेविली. मराठी आवृत्ती २००३ साली निघाली.

जेथे सर्वांस लेखणी मोकळी, तेथे भांडणे होणारच. एकाने लिहावे, दुसऱ्याने पुसावे, पहिल्याने पुन्हा लिहावे, असे प्रकार इतके वाढले की २००४ च्या अखेरीस इंग्रजी आवृत्तीने नियम केला : एका लेखात चोवीस तासांत तीनहून अधिक वेळा दुसऱ्याचा बदल उलटविणारास लेखनबंदी होऊ शकेल. हा नियम फक्त हातघाई थांबवितो. खरे कोण हे ठरवीत नाही. ते ठरते प्रत्येक लेखास जोडलेल्या चर्चापानावर. तेथे उभय पक्षांनी आपापले आधार मांडावयाचे. एकमत न झाल्यास त्रयस्थाचे मत मागावयाचे. तेवढ्याने न भागल्यास सर्व संपादकांस अभिप्रायाचे आवाहन करावयाचे, ते साधारणतः महिनाभर खुले राहते, आणि शेवटी वादात न पडलेला कोणी संपादक साऱ्याचा निष्कर्ष लिहितो. डोकी मोजण्यापेक्षा आधारांचे वजन पाहावे, असा दंडक आहे. प्रत्येक मतापुढे सही व वेळ पडते. आपल्याकडील जुन्या महजरांवर गोताच्या निशाण्या असत, त्याची येथे आठवण होते.

या साऱ्यावर २००४ पासून एक लवाद समिती आहे. परंतु तिचा अधिकार वर्तनापुरता. अमका संपादक उद्धट आहे, तमका कट करतो, याचा ती निकाल देते; लेखातील मजकूर कोणता बरोबर, हे सांगण्याचा तिला अधिकारच नाही. आम्हांस तर यातच या व्यवस्थेचे मर्म दिसते.

वाद नेहमी थोर विषयांवर होतात असे मात्र नाही. दह्याच्या इंग्रजी नावात ‘एच’ हे अक्षर असावे की नसावे, यावर २०११ पर्यंत वर्षानुवर्षे खल चालला होता, आणि अखेरीस ते अक्षर गेले! असो. नावाचा खरा गंभीर वाद पाहावयाचा तर बाल्टिक समुद्रावरील एका शहराचा पाहावा. जर्मन त्यास डान्झिग म्हणत, पोलिश लोक ग्दान्स्क म्हणतात. १३०८ साली ट्यूटॉनिक सरदारांनी ते घेतले. पंधराव्या शतकात ते पोलंडच्या राजछत्राखाली आले. १७९३ साली प्रशियाने घेतले. १९४५ नंतर ते पोलंडचे झाले. ज्वरमापकामुळे ज्याचे नाव घरोघरी पोचले तो फॅरनहाइट १६८६ साली तेथेच जन्मला. मग त्याचे जन्मगाव कोणते लिहावे? दोन्ही बाजूंचे संपादक शेकडो लेखांतून एकमेकांची नावे खोडीत राहिले. अखेर २००५ साली प्रत्येक कालखंडासाठी स्वतंत्र मतदान घेण्यात आले. १३०८ ते १९४५ या काळासाठी डान्झिग, त्याआधी व त्यानंतर ग्दान्स्क, आणि जर्मनी व पोलंड या दोहोंशी निगडित लेखांत प्रथम उल्लेखाच्या वेळी दुसरे नाव कंसात, असे ठरले. मतमोजणी हा त्या कोशाचा नित्यमार्ग नव्हे. तथापि ‘शहर कोणाचे’ हा प्रश्न बाजूस ठेवून ‘कोणत्या काळी कोणते नाव’ एवढाच प्रश्न विचारला गेला, म्हणून तो सुटू शकला, असे आमचे मत आहे.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. हिंदुस्थानातील जातींविषयीच्या लेखांत खोडाखोडी, वर्णाचे दावे व शिवीगाळ इतकी माजली की २०१२ साली इंग्रजी आवृत्तीच्या संपादकवर्गाने ठराव करून या विषयापुरते प्रचालकांस विशेष अधिकार दिले : एकदा समज द्यावी, आणि न ऐकणारास त्या विषयावर लिहिण्यास मनाई करावी. हे वाचून काही ज्ञातिबांधवांस राग येईल. परंतु ज्या लेखात एकाने आपली ज्ञाती वर चढविली, त्याच लेखात दुसऱ्याने ती खाली ओढली होती, हेही ध्यानी घ्यावे.

आधार कोणते चालतात, हा प्रश्न आपणांस विशेष महत्त्वाचा आहे. एंथोवेनसाहेबांचे मुंबई इलाख्यातील जातींवरील तीन खंड १९२० ते १९२२ या काळात निघाले. असले इंग्रजी अमदानीतील ग्रंथ जातींच्या बाबतीत विश्वसनीय धरू नयेत, असाच तेथील बहुतेक अनुभवी संपादकांचा कल आहे. रिस्लेसाहेबांनी लाविलेला अनुक्रम अशा रीतीने शंभर वर्षांनी बाद होत आहे, याचे आम्हांस समाधान वाटते. परंतु त्याच न्यायाने आपले कुलवृत्तांतही बाद होतात, कारण ते आपणच आपल्याविषयी लिहिलेले. प्रस्तुत स्मरणिकादेखील त्या कसोटीस उतरत नाही! घरच्या पेटीतील मोडी कागद अस्सल असला, तरी तो छापून प्रसिद्ध झालेला नाही आणि जाणत्या संशोधकाने त्याचा अर्थ लाविलेला नाही, तोवर तो तेथे पुरावा होत नाही. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले आणि घराण्यांचे असे कित्येक कागद त्याने छापून अभ्यासकांच्या हाती दिले. ज्या घराण्यांनी दप्तरे उघडली, त्यांचा इतिहास आज आधारासह सांगता येतो. ज्यांची पेटी बंद राहिली, त्यांच्याविषयी परक्याने लिहिलेले तेवढेच उरले.

आपल्या ज्ञातीविषयी काही चुकीचे आढळल्यास सदस्यांनी लेखात हात न घालता चर्चापानावर जावे, आपला संबंध उघड सांगावा, आणि ग्रंथ, पृष्ठ व प्रकाशनवर्ष देऊन दुरुस्ती सुचवावी. संबंध असणाऱ्यांकडून तेथे हीच अपेक्षा असते. सूचना लगेच मान्य झाली नाही, तरी ती सहीसह व तारखेसह तेथे नोंदली जाते, आणि पुढे तोच प्रश्न निघाल्यास नव्या संपादकास ती वाचावयास मिळते.