निजलेल्याला विचारायचे कसे?

भूल दिलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही. एरवी त्यावाचून फारसे अडत नाही. पण पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रियेत हाच मोठा घोर असे. पोलिओने कणा वाकडा झालेल्या मुलांसाठी अमेरिकेत ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलादी सळई योजली व १९६२ साली तिची हकीकत प्रसिद्ध केली. सळईच्या आकड्यांनी कणा ताणून सरळ करायचा. परंतु कण्याच्या पोकळीतून जातो करंगळीएवढा मज्जारज्जू. त्याला ताण सोसला नाही, तर पाठ सरळ झालेले मूल लुळे पाय घेऊन जागे होई. क्वचितच होई म्हणा. पण ज्या घरी होई, त्या घराला ‘क्वचित’ या शब्दाचा काय दिलासा?

फ्रान्समधील लिओंचे स्टाग्नारा व त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली मांडलेला उपाय मला फार आवडतो. सळई बसताच भूल उतरवायची, पाठ उघडीच! आधी म्हणायचे, हात हलव. हात हलला, म्हणजे ऐकू आले. मग म्हणायचे, पाय हलव. पाय हलला नाही, तर ताण लगेच सैल करायचा. रुग्णाला पूर्वसूचना दिलेली असे, आणि पुढे बहुतेकांना त्याची आठवणही राहत नसे. मात्र ही परीक्षा त्या एका क्षणापुरतीच.

अखंड पहारा आला तो विजेमुळे. पायाच्या नसेला बारीक झटका दिला, की त्याची वर्दी मेंदूपर्यंत जाते. पण मेंदूच्या स्वतःच्या गलबल्यात ती हरवते. लंडनचे जॉर्ज डॉसन यांनी १९५१ च्या सुमारास अशा अनेक वर्दींची सरासरी काढून ती वेचणारे यंत्र केले. १९७० नंतर जपानात व अमेरिकेत अशा विद्युत्संदेशांची नोंद शस्त्रक्रियागृहात होऊ लागली.

तरी एक फट उरलीच. ही वर्दी मज्जारज्जूच्या मागल्या भागातून जाते. हालचालीचे हुकूम मुख्यतः बाजूच्या व पुढल्या भागांतून उतरतात. वर्दी शाबूत आणि पाय निकामी, असेही घडले! १९८० साली मर्टन व मॉर्टन यांनी जाग्या माणसाच्या टाळूवरून झटका देऊन स्नायू हलवून दाखवले, तेव्हा उलटी वाटही तपासण्याची सोय झाली. त्यासाठी भूलतज्ज्ञांना आपली रीत बदलावी लागली. कारण भुलीचे वायू व स्नायू सैल करणारी औषधे हा हुकूमच दाबून टाकतात.

आता दोन्ही वाटांच्या रेघा पडद्यावर उमटत राहतात. रेघ मावळली, की शल्यवैद्य थांबतो, रक्तदाब पाहतो, सळया सैल करतो. आणि एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर आजही कधीकधी भूल उतरवून रुग्णाला सांगतात : पाय हलव.