अस्सल, नक्कल आणि साचा : अमेरिकन झळाळी-काचेच्या कालनिश्चितीचा प्रश्न

मराठी दप्तरांच्या अभ्यासकास अस्सल, नक्कल व बनावट हे तीन शब्द नित्य परिचयाचे आहेत. अस्सल पत्रावरून दरबारी लेखकाने उतरवून घेतलेली नक्कल ही काही खोटी वस्तू नव्हे; ती अस्सल म्हणून पुढे केली की मात्र ती बनावट ठरते. वि. का. राजवाडे यांनी बखरींहून अस्सल पत्रांस श्रेष्ठ मानले, आणि तेव्हापासून हा विवेक मराठी इतिहाससंशोधनाच्या अंगवळणी पडला. परंतु तोच विवेक कागद सोडून काचेच्या भांड्यांकडे वळविला, म्हणजे एक निराळीच अडचण उभी राहते. कागदावर हस्ताक्षर असते. साच्यात दाबून घडविलेल्या काचेवर कारागिराच्या हाताची खूण फारच थोडी उरते. तेथे हस्ताक्षराचे काम साचा करतो, आणि साचा हा कारागिराहूनच नव्हे, तर पुष्कळदा कारखान्याहूनही दीर्घायुषी असतो.

‘कार्निव्हल ग्लास’ या नावाने आज ओळखली जाणारी काच हे या अडचणीचे उत्तम उदाहरण होय. १९०७ साली वेस्ट व्हर्जिनियातील फेंटन कारखान्याने साच्यातून काढलेल्या तप्त भांड्यावर धातूंच्या क्षारांचा फवारा मारून ती बाजारात आणली. टिफनीने १८९४ मध्ये ज्या झळाळत्या काचेचे पेटंट घेतले होते, ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरतीच होती. फेंटनने तीच इंद्रधनुषी झळाळी चार पैशांत सामान्य गृहिणीच्या फडताळात नेऊन ठेवली. स्वच्छ काचेवर लोहक्षार चढविला की झेंडूच्या फुलासारखा केशरी रंग येई, व तोच सर्वांत अधिक खपला. लवकरच नॉर्थवुड, इम्पीरियल, डुगन, मिलर्सबर्ग हे कारखानेही या धंद्यात उतरले. ‘कार्निव्हल’ हे नाव मात्र त्या काळचे नव्हे. ही भांडी जत्रांतून बक्षीस म्हणून वाटली जात, या समजुतीवरून संग्राहकांनी ते पुढे, १९५० च्या सुमारास रूढ केले. कारखान्यांच्या जुन्या जाहिरातींत ते शोधू गेल्यास सापडत नाही. एखाद्या भांड्यावरील जुन्याशा दिसणाऱ्या चिठ्ठीवर ते छापलेले आढळले, तर चिठ्ठीच्या वयाविषयी संशय घ्यावा, हे ओघानेच आले.

हॅरी नॉर्थवुड याच्या घराण्यात नकलेची परंपरा मोठी मानाची होती. त्याचा पिता जॉन नॉर्थवुड याने पोर्टलंड कलश या रोमन काचपात्राची काचेतच कोरलेली प्रतिकृती १८७६ साली पूर्ण केली. ती अनेक वर्षांच्या श्रमाचे फळ होती, आणि तीमुळे त्याची कीर्ती झाली. ती प्रतिकृती आहे हे कोणापासून लपविलेले नव्हते, म्हणून तिला कोणी बनावट म्हटले नाही. पुत्राच्या वाट्यास उलटा योग आला. त्याच्या कारखान्याची खूण म्हणजे वर्तुळात अधोरेखित इंग्रजी ‘एन’ हे अक्षर. हॅरी १९१९ मध्ये निवर्तला, १९२५ मध्ये कारखाना बंद पडला, आणि पुढे याच खुणेशी मिळतीजुळती अक्षरे नव्या काचेवर उमटू लागली. एल. जी. राइट या मंडळीने तर ‘एन’ला एक वाकडी रेघ जोडून अशी खूण वापरली की उतावळ्या डोळ्यास ती जुनीच वाटावी. अखेर संग्राहकांच्या एका संघास ‘एन’ खुणेचे हक्कच विकत घ्यावे लागले. तरीही अस्सल खूण थेट उतरविलेली काच आशियातील कारखान्यांतून आलीच. शिवाय नॉर्थवुडची कित्येक भांडी मुळातच बिनखुणेची आहेत. म्हणून खूण नाही यावरून भांडे नवे ठरत नाही, आणि खूण आहे एवढ्यावरून ते जुनेही ठरत नाही.

इम्पीरियल कारखान्याचा व्यवहार याहून पुष्कळच सरळ होता. १९६० नंतर त्याने आपलेच जुने साचे बाहेर काढून झळाळीची भांडी पुन्हा पाडली. पण १९५१ पासून चालू असलेली ‘आय’ व ‘जी’ या एकमेकांत गुंफलेल्या अक्षरांची खूण त्यांवर होती. १९७३ च्या सुमारास मालकी बदलली तेव्हा तीत ‘एल’ची भर पडली, १९८१ मध्ये ‘ए’ची, आणि १९८४ मध्ये कारखाना मिटला. फेंटननेही १९७० मध्ये झळाळी-काच पुन्हा सुरू करताना लंबवर्तुळात आपले नाव घातले, व १९८० नंतरच्या दशकात त्याखाली ‘८’ हा आकडा जोडला. अशा भांड्याचे वय तळाशीच लिहिलेले असते. अर्थात लिहिलेले पुसताही येते. भांड्याच्या बुडाशी एखादी जागा कारणावाचून खरखरीत, घासल्यासारखी आढळली, तर तेथे पूर्वी काय होते हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पुसण्याचा हा प्रकार साच्यातच घडला म्हणजे काय होते, हे मंदीच्या काळातील स्वस्त रंगीत काचेच्या इतिहासात दिसून येते. फेडरल कारखान्याची ‘माद्रिद’ ही नक्षी १९३२ ते १९३९ या काळातली. १९७६ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त फेडरलने ती ‘रिकलेक्शन’ या नावाने पुन्हा काढली, आणि प्रत्येक नगावर ‘७६’ हा आकडा साच्यातूनच उमटविला. ही प्रामाणिक नक्कल. पुढे फेडरल बुडाले. साचे इंडियाना या कारखान्याकडे गेले. आणि तेथे साच्यांतून तो आकडा काढून टाकण्यात आला. नक्षी तीच, साचाही तोच. गेला तो एक आकडा, आणि त्याबरोबर वस्तूचा स्वतःविषयीचा पुरावा. या कृतीत कोणास फसविण्याचा हेतू असेलच असे नाही. पण अभ्यासकाच्या दृष्टीने परिणाम बनावटीहून निराळा होत नाही.

जेथे मूळ साचा हाती नसे, तेथे जुन्या भांड्यावरूनच नवा साचा घेतला जाई, आणि तेथे चोरी सहज उघडी पडे. जेनेट कारखान्याच्या ‘चेरी ब्लॉसम’ (१९३० ते १९३९) या नक्षीतील मुलींच्या भातुकलीच्या संचाची नक्कल १९७३ मध्ये निघाली. साचा घेताना आकृती उलटली, आणि कप उजव्या हातात धरला असता चेरीची फळे खालून वर लोंबकळू लागली! संग्राहकांनी हे बोलून दाखविताच पुढच्या खेपेस ती सरळ झाली. टीकेने नक्कल कशी सुधारते याचा हा बोलका नमुना आहे. त्याच संचात लोण्याचे एक इवलेसे भांडेही विकण्यात आले. जेनेटने तसले भांडे कधी बनविलेच नव्हते. त्याचे अस्सल कोठेच नाही. दप्तरातील ज्या सनदेचा मूळ दाताच अस्तित्वात नव्हता, तिच्याशी याची तुलना करता येईल.

भौतिक कसोट्यांचा विचार थोडक्यात करता येतो, कारण त्यांतील एकही स्वयंपूर्ण नाही. वर्षानुवर्षे वापरलेल्या भांड्याच्या बुडावर भिंगाखाली सर्व दिशांच्या, कमीअधिक खोल रेघा दिसतात; काचकागदाने आणलेले वार्धक्य समांतर रेघांनी ओळखू येते. जुन्या भांड्यावरून घेतलेल्या साच्यातील नक्षी बहुधा बोथट असते. अतिनील प्रकाशात मँगॅनीज घातलेली काच मंद हिरवट चमकते, आणि युरेनियमची प्रखर हिरवी. परंतु अमेरिकेत युद्धकाळात बंद झालेला युरेनियमचा वापर १९५८ नंतर पुन्हा सुरू झाला. तेव्हा चमक हा घटकाचा पुरावा आहे, वयाचा नव्हे.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्समध्ये झळाळी-काचेची भांडी तयार होत. काही पेल्यांच्या बुडाशी ‘जैन’ ही अक्षरे साच्यातूनच उमटलेली आहेत, आणि मत्स्य, हत्ती व देवता यांच्या आकारांचे गुलदस्ते परदेशी संग्रहांत जाऊन बसले आहेत. हे काम अमेरिकन नकलेचे नव्हे. तंत्र उसने, पण आकार येथले आणि गिऱ्हाईकही बव्हंशी येथलेच. अमेरिकन सूचींच्या चौकटीत ते बसत नाही म्हणून त्यास ‘उशिराची नक्कल’ म्हणणे हे वर्गीकरणाचे आळस होय.

महाराष्ट्रात १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारख्या परदेशी शिकून आलेल्या तज्ज्ञाचे साहाय्य त्यास लाभले, आणि तेथे तयार झालेली माणसे देशभरच्या कारखान्यांत गेली. १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला, व त्याच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने घराघरांत प्रवेश केला. या कारखान्यांच्या इतिहासात भांडवल, स्वदेशी व टिळकांचा पाठिंबा यांविषयी लिहिले जाते. साच्यांची हकिगत मात्र निराळी मांडावी लागेल : ते कोणी कोरले, कोठून आणले, कारखाना बदलताना कोणाच्या हाती गेले. एकाच नक्षीचे पेले दोन गावी सापडले, तर ते एका साच्याचे की दोन, हे दोन्ही भांडी शेजारी ठेवून, जोडरेषा व बुडाचा व्यास मोजूनच ठरवावे लागेल. कारखान्याच्या ताळेबंदावरून ते ठरणार नाही.