कागदाचे होल्स्टर

आमच्या खर्डीच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक काळे होल्स्टर होते. आजोबा त्याला ‘पिस्तुलाचं घर’ म्हणत, चष्म्याचे घर म्हणावे तसे. पिस्तूल अर्थातच नव्हते. आजोबा साताऱ्याकडचे, मराठा पलटणीतले. इटलीत लढले आणि लढाई संपल्यावर शरण आलेल्या एका जर्मनाकडून हे घेतले, असे ते सांगत. वडील रेल्वेत लागले आणि आम्ही खर्डीचे झालो. ट्रंकही आमच्याबरोबर आली.

आजोबांच्या मागे ती वस्तू माझ्याकडे आली, तेव्हा मी पहिली चूक केली. कातडे वाळू नये म्हणून तिला खोबरेल तेलाचे दोन हात दिले आणि पडवीत खिळ्याला अडकवली. कसारा घाटाच्या पायथ्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला पुढचे सांगायला नको. श्रावण संपेपर्यंत झाकणाची कड फुगली आणि पापुद्रे सुटू लागले. स्टेशनजवळ चपला शिवायला बसणाऱ्या काकांकडे मी ते घेऊन गेलो. त्यांनी कड नखाने उचलली, वास घेतला आणि म्हणाले, “हे कातडं न्हाई, दादा. पुठ्ठा हाय ह्यो.”

घरात चर्चा सुरू झाली. धाकट्या चुलत्यांचे म्हणणे, म्हाताऱ्याने मुंबईच्या एखाद्या बाजारातून खोटी वस्तू आणली आणि आयुष्यभर गोष्ट सांगितली. मला ते लागले. आजोबा गप्पिष्ट होते, थापाडे नव्हते. मी या विषयात शिरलो तो संग्राहक म्हणून नव्हे, आजोबांचा वकील म्हणून.

वकिली सोपी निघाली. वस्तू खोटी नव्हती; ती मुळातच पुठ्ठ्याची होती. जर्मनांच्या भाषेत अशा बदली मालाला ‘एर्झात्स’ म्हणतात आणि या विशिष्ट मालाला ‘प्रेसश्टोफ’. कागदाचा लगदा आणि धागे राळेत मुरवून दाबायचे, वर कातड्यासारखा दाणा उठवायचा आणि काळा रंग द्यायचा. कोरडा असेतो तो कडक आणि टिकाऊ. पण तो वारंवार वाकवला की चिरतो, टाक्यांच्या रेषेवर फाटतो आणि पाणी मुरले की फुगतो. म्हणून जिथे ओढ बसते तिथे रिवेट मारत आणि पट्ट्यापुरते खरे कातडे वापरत. संगिनीचे अडकवण, फावड्याची खोळ, लहान पिस्तुलांची होल्स्टरे अशा पुष्कळ वस्तू या मालाच्या झाल्या. आमच्या होल्स्टरच्या पाठीवर तीन लहान रोमन अक्षरे आणि 44 हा आकडा पुसट दिसतो. शत्रूच्या विमानांना कारखान्यांचा पत्ता लागू नये म्हणून जर्मनीने युद्धकाळात कारखान्यांना नावांऐवजी अशी सांकेतिक अक्षरे दिली होती. 44 म्हणजे 1944. त्या वर्षी मराठा पलटणी इटलीत होत्या. 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या जर्मन फौजा शरण आल्या 2 मे 1945 रोजी. आजोबांच्या गोष्टीतला काळ जुळला.

मग प्रश्न उरला की इतक्या मोठ्या फौजेला कातडे का पुरेना? उत्तर शोधताना मी जर्मनीतून निघालो आणि परत आपल्याच डोंगरात आलो.

पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानच्या कच्च्या गाईच्या चामड्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जर्मनी होते. कलकत्त्याच्या चामडेबाजारात जर्मन पेढ्यांचाच शब्द चाले. 1914 साली युद्ध पेटले आणि हा व्यवहार एका फटक्यात बंद पडला. ब्रिटिश आरमाराने समुद्र अडवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वाल्टर राथेनाउ यांच्या हाताखाली जर्मनीने कच्च्या मालासाठी स्वतंत्र खाते काढले आणि कागदी सुताचे कापडसुद्धा विणले. इकडे मद्रासकडची कमावलेली चामडी ब्रिटिश सरकार सैनिकांच्या बुटांसाठी उचलू लागले. दुसऱ्या युद्धात नाकेबंदी पुन्हा झाली. मागचा धडा पाठ असल्यामुळे यावेळी जर्मनीत बदली मालाची तयारी आधीपासूनच होती.

चामडे नुसते असून भागत नाही, ते कमवावे लागते. त्याला तरवडाची किंवा बाभळीची साल लागते आणि हिरडा लागतो. हिरडा आपला. मुरबाडच्या बाजूने घाटमाथ्यावर जुन्नर-आंबेगावकडे चढले की हिरड्याची झाडे दिसतात आणि महादेव कोळ्यांची कुटुंबे आजही तो गोळा करतात. औषधाला कोवळा बाळहिरडा जातो, कातडे कमवायला पिकलेला. मुंबई बंदरातून तो शेकड्यांनी पोती भरून युरोपात जाई. ज्याने तो वेचला त्याच्या हातात काय पडले असेल, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण आजोबांच्या पुठ्ठ्याकडे आता मी न पोहोचलेल्या गठ्ठ्यांची आणि पोत्यांची पावती म्हणून पाहतो.

टंचाई काही एकट्या जर्मनीत नव्हती. 1940 साली आपल्या रुपयातली चांदी निम्म्यावर आली. 1943 साली तांबे वाचवायला मधोमध भोक असलेला पैसा निघाला. आमच्या आजीने तो दोऱ्यात ओवून ठेवला होता. इथल्या जंगलातला कोळसा भट्ट्या लावून मुंबईला जाई. पेट्रोलच्या टंचाईत याच कोळशाच्या वायूवर मोटारी चालवल्या गेल्या. तेव्हापासून मी असा बदली मालच जमवतो. होल्स्टरे माझ्याकडे तीनच आहेत. त्यांतले एक डुकराच्या कातड्याचे आहे. त्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या झुबक्यात दिसतात, त्यावरून ते ओळखावे. बाजारात अलीकडे नकलाही फार येतात. गंमत अशी की नक्कल करणारे बहुधा खरे, चांगले कातडे वापरतात.

एक गोष्ट सांगायला हवी. यातल्या काही वस्तूंवर गरुडाचा आणि नाझी राजवटीचा ठसा असतो आणि पाहुण्यांना आधी तोच दिसतो. मी असली वस्तू भिंतीवर लावत नाही. त्या कारखान्यांमधून गुलामांसारखी माणसे राबवली गेली, हेही मी विचारणाऱ्याला सांगतो.

आजोबांचे होल्स्टर आता घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आहे, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या. सुटलेले पापुद्रे पुन्हा चिकटवलेले नाहीत. चुलते अजून म्हणतात की ती नक्कलच आहे. काही माणसांना पुरावा चालत नाही. झाकणाचा पट्टा मात्र खऱ्या कातड्याचा आहे. तेल त्याला मानवले, अजून मऊ आहे.