हिरवाईच्या आकड्याची कुळकथा

दुष्काळ किंवा वणवा येऊन गेल्यावर रान कितपत सावरलं, हे आता उपग्रहावरून एका आकड्याने पाहतात : एनडीव्हीआय. त्याचा मूळपुरुष फौजी आहे. दुसऱ्या महायुद्धात तोफा हिरव्या जाळ्यांखाली दडवत. डोळ्याला जाळी आणि पालवी सारखीच. पण जिवंत पान अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं, तेव्हाचा हिरवा रंग परतवत नसे. म्हणून कोडॅकची अवरक्त रंगीत फिल्म आली. तिच्यावर झाडी लालभडक उमटे आणि जाळी उघडी पडे. 1970च्या सुमारास शास्त्रज्ञ पिशारोटींनी हेलिकॉप्टरमधून तशाच फिल्मवर केरळातल्या रोगट नारळबागा टिपल्या. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात तिथली.

जुलै 1972 मध्ये, इकडे महाराष्ट्र दुष्काळात होरपळत असताना, अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. टेक्सासच्या राऊस आणि सहकाऱ्यांना त्यावरून माळरानांवर वसंतात सरकत जाणारी हिरवाई पकडायची होती. पान लाल प्रकाश खातं, अवरक्त परतवतं. त्यांनी अवरक्तातून लाल वजा केला आणि दोहोंच्या बेरजेने भागला. झाला आकडा, उणे एक ते अधिक एक.

अहिल्यानगरच्या कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या शिवारात मात्र हा आकडा सहज चकवतो. हा तालुका रब्बी ज्वारीचा. सप्टेंबरात कुळवून ठेवलेली काळी रानं वापशाची वाट बघत असतात. वरून पाहणाऱ्याला ती उजाड. उलट ओढ्याकाठची वेडी बाभूळ कोरड्या सालीही हिरवीगार, तिचा आकडा झकास! शिवाय झाडी विरळ असली की मातीचाच रंग आकड्यात मिसळतो. त्यावर ह्युएट यांनी 1988 मध्ये सूत्रात एक दुरुस्ती सुचवली.

माझ्या मते खरी अक्कल लढवली ती फेलिक्स कोगन यांनी, 1990च्या आसपास. रानाची तुलना शेजारच्या रानाशी करायचीच नाही. त्याच तुकड्याचा, त्याच आठवड्याचा, मागच्या सगळ्या वर्षांतला नीचांक आणि उच्चांक काढायचा आणि यंदाचा आकडा त्या दोहोंत कुठे बसतो ते पाहायचं. सप्टेंबरात दरवर्षीच काळं असणारं रान मग उगाच दुष्काळी ठरत नाही. पिकाऐवजी बाभूळ माजली, तर मात्र ही युक्तीही थिटी पडते.

केंद्राच्या 2016च्या दुष्काळ संहितेत कोगन यांचा हा निर्देशांक आहे, आणि गावांची नमुना निवड करून पीक प्रत्यक्ष पाहण्याची अटही. ऑक्टोबर 2018 मध्ये राज्याने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. यादीत अहिल्यानगरचं कर्जत होतं.