हर्ट्‌झस्प्रुंग–रसेल आकृती

ताऱ्यांचे पृष्ठीय तापमान आणि दीप्ती यांचा संबंध दाखवणारा आलेख. ताऱ्यांचे वर्गीकरण आणि त्यांचा जीवनक्रम हे दोन्ही एकाच चित्रात वाचता येत असल्याने खगोलभौतिकीत या आकृतीला मध्यवर्ती स्थान आहे. डॅनिश ज्योतिर्विद आयनार हर्ट्‌झस्प्रुंग यांनी १९११ मध्ये कृत्तिका व हायडीज या तारकागुच्छांचे असे आलेख प्रसिद्ध केले. अमेरिकन ज्योतिर्विद हेन्री नॉरिस रसेल यांनी १९१३ मध्ये स्वतंत्रपणे तशीच आकृती मांडली.

वर्णपटीय वर्ग : आडव्या अक्षावर तापमान डावीकडून उजवीकडे घटत जाते; उभ्या अक्षावर दीप्ती असते. तापमान वर्णपटावरून ठरते. हार्व्हर्ड वेधशाळेत ॲनी जंप कॅनन यांनी ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हा वर्गक्रम पक्का केला. हेन्री ड्रेपर सूचीत (१९१८–२४) सुमारे सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्ग दिले आहेत. हा क्रम मुख्यतः तापमानाचा आहे, हे मेघनाद साहा यांच्या १९२० मधील आयनीभवनाच्या सिद्धांतामुळे स्पष्ट झाले. ओ वर्गाचे निळसर तारे ३०,००० केल्विनहून तप्त, तर एम वर्गाचे तांबूस तारे सुमारे ३,७०० केल्विनहून थंड असतात. चित्रा बी, व्याध ए, सूर्य जी, रोहिणी के, तर ज्येष्ठा व काक्षी एम वर्गात येतात. समान तापमानाच्या ताऱ्यांची दीप्तीही भिन्न असू शकते. त्यासाठी मॉर्गन, कीनन व केलमन यांनी १९४३ मध्ये दीप्तिवर्गांची जोड दिली. त्यानुसार सूर्य जी २, दीप्तिवर्ग ५ असा लिहिला जातो.

जीवनक्रम : सुमारे ९० टक्के तारे डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या ‘मुख्य क्रम’ या पट्ट्यात आढळतात. तारे या पट्ट्यावरून खाली घसरत जातात, असे रसेल यांना वाटत होते. ते पुढे चुकीचे ठरले. पट्ट्यातील स्थान वस्तुमानावर ठरते आणि गाभ्यातील हायड्रोजनचे हीलियममध्ये रूपांतर चालू असेपर्यंत तारा बहुतांशी तिथेच राहतो. आयुष्याचा सर्वांत मोठा काळ याच अवस्थेत जात असल्याने पट्ट्यात ताऱ्यांची दाटी दिसते. सूर्याचा हा काळ सुमारे १,००० कोटी वर्षांचा असून त्यातील ४६० कोटी वर्षे सरली आहेत. वस्तुमान जास्त असलेला तारा इंधन फार वेगाने जाळतो; सूर्याच्या दसपट वस्तुमानाच्या ताऱ्याला ते काही कोटी वर्षेच पुरते.

गाभ्यातील हायड्रोजन संपल्यावर सूर्यासारखा तारा फुगतो, त्याचा पृष्ठभाग थंडावतो आणि तो आकृतीत उजवीकडे वर, तांबड्या राक्षसी ताऱ्यांत जातो. पुढे बाहेरचे थर अवकाशात विखुरतात आणि उघडा पडलेला गाभा श्वेत बटू म्हणून डावीकडे खाली येतो. व्याधाचा जोडीदार असाच श्वेत बटू आहे. पृथ्वीएवढ्या लहान आकारामुळे तो तप्त असूनही मंद दिसतो. श्वेत बटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जास्त असू शकत नाही; ही चंद्रशेखर मर्यादा होय. सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचे बहुतेक तारे सुपरनोव्हाच्या स्फोटात संपतात आणि मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर उरते.

उपयोग : तारकागुच्छातील तारे साधारण एकाच वेळी जन्मतात. त्यांपैकी कोणत्या वस्तुमानापर्यंतचे तारे मुख्य क्रम सोडून गेले, यावरून गुच्छाचे वय काढता येते. निळे, तेजस्वी तारे अद्याप टिकून असलेला कृत्तिका गुच्छ हायडीजहून बराच तरुण ठरतो. गाइया उपग्रहाच्या २०१८ मधील माहितीवरून ४० लाखांहून अधिक ताऱ्यांची आकृती तयार झाली असून श्वेत बटूंच्या पट्ट्यातील बारकावेही तीत दिसतात.