पात्र, वल्ली आणि तळीराम

सोलापूरकडच्या मैंदर्गीत कानडी बोलणाऱ्या घरातही घासायला निघतात ती 'भांडी'च. बेंगळुरू-म्हैसूरकडची कानडी त्यांना 'पात्रे' म्हणते, शेवटचा एकार ऱ्हस्व. पण सोलापूर-विजापूर-कलबुर्गी पट्ट्यातल्या कानडीने आपले भांडे उचललेले दिसते. संस्कृत 'भाण्ड' असे मराठीच्या वाटेने कानडी मोरीत गेले आणि 'पात्र' मराठीत ताम्हन-पळीच्या शेजारी, पूजेच्या पोथीत राहिले. नाटकातले पात्र मात्र दोघींचे सामाईक. कानडीने तेवढा एकार लावून भांडे आणि भूमिका वेगळी ठेवली. मराठीने ती तसदी घेतली नाही. भीमेचे पात्र, दानाचे पात्र आणि पहिल्या अंकातले पात्र आपल्याकडे एकाच नपुंसकलिंगात सुखाने नांदतात.

धातू 'पा', म्हणजे पिणे. ज्यातून प्यायचे ते पात्र. मग रंगभूमीवरच्या माणसाला प्यायच्या भांड्याचे नाव का पडावे? हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या आपल्या टीकेत याचे उत्तर देऊन ठेवले आहे. रस नटात नसतो, नट हे रस चाखण्याचे साधन, म्हणूनच त्याला पात्र म्हणायचे. मद्याची चव मद्याच्या भांड्याला थोडीच कळते! उत्तर इतके देखणे आहे की संशय येतो. शब्द आधी रुळला असावा आणि उपपत्ती मागाहून सुचली असावी. कानडी शिलालेखांत 'पात्र' म्हणजे देवळात नाचणारी स्त्री. हिंदीतली 'पातुर' आणि तिची बदनाम बहीण 'पतुरिया' याच घराण्यातल्या. तेव्हा भांडे, मग योग्य माणूस, मग कलेत तयार झालेली व्यक्ती आणि शेवटी भूमिका, असा लांबचा वळसाही असू शकेल. जाता जाता, विदूषकी करणारा 'भांड' हा भांड्याचा कोणी नव्हे. तो संस्कृत 'भण्ड', टिंगल करणारा. 'भांडण'ही त्याच्याच बाजूचे असावे.

अभिनवगुप्ताची उपपत्ती खरी मानायची तर ती आपल्याकडे अक्षरशः खरी ठरली 1843 साली. आदल्या वर्षी कानडी भागवत मंडळींनी सांगलीत खेळ केले होते. ते पाहून विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले. त्यात पदे म्हणायची सूत्रधाराने आणि पात्रांनी त्या अनुरोधाने ऐन वेळी सुचेल ते बोलायचे. लिहून दिलेले संवाद नाहीत. भांडे रिकामेच रंगभूमीवर यायचे आणि ज्याचा वकूब जेवढा तेवढे भरायचे.

भागवत मंडळींच्या मुलखातला 'सोगु' हा शब्दही आपल्या ओळखीचा वाटावा. सोगु म्हणजे वेष, बतावणी. आणि ढोंगी, नटवा माणूस तो 'सोगलाडि'. इकडे सोंग आणि सोंगाड्या. 'सोंग' हे 'स्वांग'वरून आले असे सांगतात आणि ते पटतेही, कारण हिंदीत स्वांग जिवंत आहे. पण सोंगाड्या आणि सोगलाडि यांची शेपटे इतकी सारखी की कोणी कोणाचे पाहून घेतले हे ठरवणे अवघड. फरक एवढाच की कानडी सोगलाडि शिवी झाला आणि मराठी सोंगाड्या तमाशाच्या फडात टाळ्या घेऊ लागला. पैशाचे तेवढे सोंग आणता येत नाही, ही म्हण तर सोंगाला फार मोठी पावती आहे: बाकी सगळे आणता येते.

सोंगाचा खरा व्यावसायिक म्हणजे मैंद. जुन्या काळी वाटसरूंशी सलगी करून, भोळेपणाचा आव आणून त्यांना लुटणाऱ्या ठगांची ही जात. धंदा बुडाला तरी स्वभाव शब्दात शिल्लक राहिला, आणि आज ऑफिसातला गरीब चेहऱ्याचा डांबिस माणूस 'मैंद' ठरतो. वाल्मीकीच्या रामायणात मैंद नावाचा पराक्रमी वानर आहे, तमिळमध्ये 'मैंदन्' म्हणजे पुत्र, तरणाबांड गडी. या तिघांना एका पंगतीत बसवायचा मोह होतो, आणि मैंदर्गीला चौथे पान मांडायचाही. तो आवरावा. ग्रामनामांतल्या ध्वनिसाम्याने भलेभले फसले आहेत. कलबुर्गी, सिंदगी ही शेजारची नावे पाहता या गावाच्या नावाचे बिऱ्हाड कानडीतच शोधावे लागेल असे दिसते.

माणसाला शास्त्रशुद्ध नाव द्यायचे झाले की मराठी संस्कृताकडे जाते. पात्र, भूमिका, व्यक्ती. यातली 'व्यक्ती' मला विशेष आवडते. धातू 'अञ्ज्', म्हणजे माखणे, उघड करणे. अंजन आणि पानातले व्यंजन तिची भावंडे. आधी झाकलेले, मग दिसू लागलेले ते व्यक्त. पण तोच माणूस पारावर येऊन बसला आणि बोलू लागला की मराठीला फारसी-अरबी आठवते. मग तो नमुना होतो, नग होतो, बापाचा अर्क होतो. 'इरसाल' म्हणजे मुळात सरकारी खजिन्यात पाठवलेली रक्कम. वर पाठवायचा ऐवज पारखून घेतलेला असणार, त्यावरून 'निवडक' आणि मग उपरोधाने 'निवडक बदमाश' असा प्रवास झाला असावा.

वल्लीचे तर विचारूच नका. अरबी 'वली' म्हणजे देवाच्या निकटचा, सत्पुरुष. मौला, मौलवी आणि कारभाराचा प्रांत ती 'विलायत' हे सगळे त्याच धातूचे. गल्लीसारखे तिचेही ल-द्वित्त झाले, लिंग बदलून स्त्रीलिंग झाले, आणि साधूचा विक्षिप्त झाला. साधूंचे वागणे लोकांना विक्षिप्तच वाटत असल्यामुळे हे फारसे अवघड गेले नसावे. गंमत अशी की वलीचे अरबी अनेकवचन 'औलिया', तेही आपण घेतले आणि एकवचनात घेतले: 'एक अवलिया'. त्यात पावित्र्य टिकले. अक्कलकोटच्या स्वामींना अवलिया म्हणतात, वल्ली म्हणायला कोणी धजणार नाही. पुलंच्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला 1965 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याआधीच शीर्षकाने काम केले होते. अर्धे संस्कृत, अर्धे अरबी, आणि दोन्हींना सांधणारा सुरुवातीचा 'व'. त्यातला नारायण आता लग्नघरात हुडकावा लागतो, आणि सापडतोच.

म्हणजे विशेषनामाचे सामान्यनाम झाले. पात्र अजरामर झाले की नाही हे पाहायचे तर समीक्षकाला न विचारता व्याकरणाला विचारावे. त्याला अनेकवचन लागते का? कुंभकर्ण, नारद, शकुनीमामा, सगळ्यांना लागते. आता गडकऱ्यांचे 'एकच प्याला' घ्या. पात्राची संस्कृत व्युत्पत्ती आणि फारसी 'पियाला' इथे योगायोगाने एकाच टेबलावर येतात. 1919 साली ते रंगभूमीवर आले तेव्हा गडकरी हयात नव्हते. शोकांतिका सुधाकराची, बुद्धिमान वकील, अपमान, पहिला पेला, शेवटचा पेला सगळे त्याचे. नाव त्याचे मात्र झाले नाही. भाषेने उचलला तो त्यातला दारुडा तळीराम, आर्यमदिरामंडळवाला.

का? 'वठणे' या क्रियापदात मला याचा सुगावा लागतो. भूमिका वठते, म्हणजे ठसा नीट उमटतो. हुंडी वटते तिथेही हाच धागा असावा. झाडही वठते, म्हणजे वाळते. दोन क्रियापदे वेगळी असतील, पण तळीरामात ती भेटतात. सुधाकर पाच अंकांत बदलत राहतो, उठतो, पुन्हा पडतो. अशा माणसाचा शब्द करायचा तर अर्थ कोणत्या अंकातला धरायचा? तळीराम पहिल्यापासून जो आहे तोच आहे. वाढ थांबलेली, ठसा पक्का. शब्दाला असाच माणूस लागतो. म्हणून सुधाकर श्रेष्ठ की तळीराम, हा वाद मला निरर्थक वाटतो. सुधाकराला भेटायला नाटक उघडावे लागते, तळीरामासाठी 31 डिसेंबरच्या नाकाबंदीची बातमी पुरते: 'तळीरामांवर कारवाई'. सुधाकर हे नाव त्यानंतरही लोक पोरांना बिनघोर ठेवत राहिले. तळीराम ठेवल्याचे ऐकिवात नाही.