पोलादी प्लेटची प्रत

बांधकामाच्या पोलादी प्लेटसाठी स्वतंत्र भारतात १९५० साली आयएस २२६ हे मानक आले. तो रिवेटचा काळ होता. वेल्डिंगचा वापर वाढू लागला तेव्हा १९६२ मध्ये वेल्डिंगयोग्य पोलादासाठी आयएस २०६२ निघाले.   

१९९२ मध्ये २२६ हे मानक २०६२ मध्ये विलीन झाले, तर २००६ मध्ये प्रतींना ई २५०, ई ३५० अशी नावे रूढ झाली. आकडा मेगापास्कलमधील किमान नतिबल, म्हणजे पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते तो ताण, सांगतो. मात्र जाडी वाढली की तो घटतो: ई २५० ची ४० मिमीहून जाड प्लेट २३० चीच हमी देते. ई ३५० ने वजन वाचते, पण बाक आणि हेलकावा पोलादाच्या बळावर नव्हे, ताठपणावर ठरतो. तो दोन्हींत सारखाच असल्याने तिथे महाग प्लेट वाया जाते. प्रतीच्या नावापुढची बीआर, बी० आणि सी ही अक्षरे आघात-चाचणीचे तापमान दाखवतात. ‘सी’साठी ते उणे २० अंश असते.